तळ्याकाठची बिऱ्हाडे



घर कसे असावे याचा आपला पहिला धडा शाळेत होत नाही, तो आजीच्या मांडीवर होतो. काऊच्या शेणाच्या घराची आणि चिऊच्या मेणाच्या घराची गोष्ट ऐकतच आपण सारे लहानाचे मोठे झालो. पाऊस आला, एक घर वाहून गेले, एक राहिले. तेव्हापासून आपल्या मनात पक्के बसले आहे की, पाण्याने मोडते ते घर नव्हे. घर म्हटले की चार भिंती हव्यात, वर छप्पर हवे, दाराला कडी हवी आणि पाणी बाहेर राहिले पाहिजे.

पण ज्यांचा संसारच पाण्यात आहे, त्यांनी काय करावे? टिबुकली, कमळपक्षी, मरळ, कासव, बेडूक, सारस यांची घरे कुठे असतात? तुम्ही म्हणाल, तळ्यात. बरोबर आहे. पण तळ्यात म्हणजे नेमके कुठे? या एका प्रश्नाचे उत्तर आज आपण शोधणार आहोत. ते नीट समजले, तर आपल्या गावचे तळे आपल्याला निराळे दिसू लागेल, आणि ते राखताना आपण कुठे चुकतो हेही ध्यानात येईल.

पाणथळ जागा हा शब्द आता पुष्कळांच्या कानावर आहे. जमीन आणि पाणी यांचा जिथे सांधा असतो ती पाणथळ. तळे आले, बोडी आली, नदीकाठची दलदल आली, खाडीचा चिखल आला, आणि पावसाळ्यात भरलेली धानाची बांधीसुद्धा आली. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर या गावी अशा जागांच्या रक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत १९८२ साली त्यात सामील झाला. आपल्या राज्यातले नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर आणि बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर २०२० साली, व ठाण्याची खाडी २०२२ साली या कराराच्या यादीत गेली. ही मोठी नावे झाली. पण ज्यांचे नाव कुठल्याच यादीत नाही अशी हजारो तळी आपल्याकडे आहेत, आणि खरा संसार तिथे चालला आहे. त्यांतल्या एका मुलखात आज आपण जाऊ.

हा मुलूख म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा पूर्व विदर्भ, लोकांच्या भाषेत झाडीपट्टी. धानाचा प्रदेश. इथे गावागणिक तलाव आहे, आणि तलावापेक्षा लहान अशा बोड्या तर शेताशेतात आहेत. हे तलाव निसर्गाने दिलेले नव्हेत. माणसांनी बांधलेले आहेत. कोहळी समाजाची ही करामत. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात, जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन मिळे, असे परंपरा सांगते. दोन टेकड्यांमधली उताराची जागा हेरायची, मातीची पाळ घालायची, जादा पाणी जायला सांडवा ठेवायचा, आणि शेताकडे पाणी सोडायला दार करायचे. यंत्र नाही, सिमेंट नाही. पण कितीएक पाळी दोनदोनशे वर्षे उभ्या आहेत. गोंदिया जिल्ह्यातला नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. तिथल्या लोकांनी त्यांना कोलासूर म्हणून देवाच्या जागी बसवले. बांधणाऱ्याला देव करावे, इतके त्या तलावाचे उपकार!

आता या तळ्यात उतरू या. घराला जशा खोल्या असतात तशा तळ्यालाही असतात. मध्यभागी खोल पाणी, ही एक खोली. त्याभोवती कमरेएवढे पाणी, तिथे कमळे आणि पाणवनस्पती, ही दुसरी. मग घोट्याएवढे पाणी, लव्हाळी, देवधानासारखे गवत, ही तिसरी. आणि शेवटी ओला चिखल, जो पाणी ओसरले की उघडा पडतो, ही चौथी. आपल्या घराच्या भिंती जागच्या जागी असतात. तळ्याच्या खोल्या मात्र सरकतात. श्रावणात जिथे कमरेएवढे पाणी, तिथे माघात चिखल आणि वैशाखात भेगा. तळ्याचे प्राणी या सरकत्या घरात राहायला शिकलेले आहेत. ते पाणी बाहेर ठेवीत नाहीत. पाण्याबरोबर आपले बिऱ्हाड हलवतात.

टिबुकलीचेच बघा. मुठीएवढा पाणपक्षी, बुडी मारण्यात पटाईत, पण जमिनीवर धड चालता येत नाही. तिचे घरटे म्हणजे कुजक्या पाणवनस्पतींचा तरंगता ढीग, लव्हाळ्याच्या काड्यांना अडकवलेला. पाणी चढले की घरटेही चढते, उतरले की उतरते. घरट्यावरून उठताना ती अंड्यांवर ओली पाने ओढून घेते, म्हणजे वरून पाहणाऱ्याला केरकचराच दिसावा. पिल्ले झाली की ती आईबापांच्या पाठीवर बसून हिंडतात. बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण इथे अक्षरशः खरी आहे.

कमळपक्ष्याचे पाय म्हणजे बोटेच बोटे. या लांब बोटांमुळे त्याचा भार पसरतो आणि तो कमळाच्या पानावरून जमिनीवरून चालल्यासारखा चालतो. याच्या घरची रीत उलटी आहे. मादी अंडी घालून दुसरा जोडीदार शोधायला जाते; अंडी उबवणे आणि पिल्ले सांभाळणे हे काम नराचे. पाणी वाढून घरटे बुडू लागले, तर हा बाप अंडी एकेक करून दुसऱ्या पानावर नेतो. आता कमळेच उपटून टाकली, तर या बापाने अंडी न्यावीत कुठे?

माशांचाही संसार असाच आहे. मरळ नावाचा मासा तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. तो पाण्यातला प्राणवायू घेतोच, शिवाय वर येऊन हवाही घेतो. म्हणून आटत्या तळ्यातल्या चिखलपाण्यात तो तग धरतो. पावसाळ्याच्या दिवसांत उथळ पाण्यात लालसर पिल्लांचा थवा वर दिसला, तर समजा की खाली आईबाप पहाऱ्यावर आहेत. गावठी मांगूर तर पाऊस पडताच ओल्या बांधावरून सरपटत एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातो. तळे आटले की काही कासवे चिखलात स्वतःला गाडून घेतात, बेडूक मातीत शिरतात, आणि पहिल्या सरीला सारे पुन्हा हजर. उन्हाळ्यात भेगाळलेली ती जमीन आपल्याला रिकामी दिसते, पण ती रिकामी नसते. घरातली माणसे तळघरात निजलेली असतात, एवढेच!

आणि हिवाळ्यातले पाहुणे? तलवार बदके दूर उत्तरेकडून येतात. चक्रवाक लडाख-तिबेटकडून येतात. पट्टकदंब नावाचे हंस तिबेट-मंगोलियाच्या उंच पठारावर अंडी घालतात आणि हिमालय ओलांडून आपल्या राज्यातल्या जलाशयांवर उतरतात. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९ पासून, डॉ. सालिम अली यांच्या देखरेखीखाली, पक्ष्यांच्या पायात क्रमांकाची कडी घालून सोडण्याचे काम मोठ्या प्रमाणावर सुरू केले. एका ठिकाणी कडे घातलेला पक्षी हजारो मैलांवर सापडे, आणि त्याचा रस्ता कळे. मग या पक्ष्याचे घर कोणते? अंडी घालतो ते, की हिवाळा काढतो ते? लग्न होऊन सासरी गेलेल्या लेकीला हा प्रश्न विचारा. ती म्हणेल, दोन्ही. त्यातले एक मोडले, तर दुसरे असून उपयोग नाही.

आता ज्याचे घर एकच आहे आणि तेही आपल्या शेतात आहे, अशा पक्ष्याकडे येऊ. सारस. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच. उभा राहिला की जवळजवळ माणसाएवढा, सहा फुटांच्या आसपास. अंग राखी, डोके व मानेचा वरचा भाग तांबडा. जोडपे वर्षानुवर्षे एकत्र राहते. नर-मादी मान वर करून एका सुरात ओरडतात, तो आवाज दूरवर ऐकू जातो. आपल्याकडचा सारस परदेशी जात नाही. एकदा जागा धरली की वर्षानुवर्षे तोच शिवार धरून राहतो. पावसाळ्यात उथळ पाण्यात, पुष्कळदा भरलेल्या धानाच्या बांधीतच, गवत आणि धानाच्या काड्यांचा मोठा ढीग रचून तो घरटे करतो. अंडी बहुधा दोन. महिनाभर दोघे आळीपाळीने उबवतात. पिल्लू लवकरच चालू लागते, पण उडायला त्याला सुमारे तीन महिने लागतात. तेवढे दिवस त्याचे सारे जग म्हणजे ती बांधी, तो धुरा आणि शेजारची बोडी.

एके काळी पुष्कळ ठिकाणी दिसणारा हा पक्षी आज आपल्या राज्यात मुख्यतः गोंदिया आणि त्याला लागून असलेल्या भागात उरला आहे. नदीपलीकडे मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यात त्याचे भाऊबंद आहेत. आपल्या राज्यात दरवर्षी मोजदाद होते, तेव्हा आकडा शंभराच्या पुष्कळ आतच राहतो. म्हणजे एखाद्या लहान वाडीतली माणसे मोजावीत तशी ही गोष्ट आहे. यातले एक जोडपे विजेच्या तारेला लागून किंवा विषारी दाणे खाऊन गेले, तर एक घर कायमचे बंद होते.

तरीही ते उरले कसे? कायद्याने त्यांना संरक्षण आहे, हे खरे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. पण रात्रीच्या वेळी बांधीवर कायदा उभा नसतो. तिथे शेतकरी असतो. सारसाने बांधीत घरटे घातले की धानाचा एक तुकडा जातो. रोवणी झालेली रोपे तो उपटतो, तुडवतो. अल्पभूधारकाला हे नुकसान लहान नाही. आणि तरी गोंदियाच्या कित्येक शेतकऱ्यांनी तेवढा तुकडा सोडून दिला आहे, अंडी चोरीला जाऊ नयेत म्हणून लक्ष ठेवले आहे, आणि निसर्गप्रेमी तरुणांनी गावोगाव फिरून त्यांना साथ दिली आहे. त्या शेतकऱ्याने आपल्या घरातली एक खोली शेजाऱ्याला दिली, असेच म्हणायला हवे.

आता माणसांच्या बाजूने या घराकडे पाहू. तळ्यावर कोणाकोणाचा हक्क होता? शेतकऱ्याला धानासाठी पाणी. ढिवर बांधवांना मासे, शिंगाडा, कमळाचे कंद. कुंभाराला माती. गुरांना पाणी, बायाबापड्यांना धुण्याचा घाट. याला निस्तार म्हणत. आणि हक्काबरोबर काम होते. पाळ फुटू लागली की सारे गाव टोपली-फावडे घेऊन धावे; उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकी. हा काळ सोन्याचा होता असे मात्र समजू नका. तलावाचा मालक मालगुजार होता, आणि त्याच्या शब्दापुढे गरिबाचे काही चालत नसे. ती मालकी जाणे न्यायाचेच होते. तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्याच्या १९५० च्या कायद्याने, १९५१ साली मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. पुढे मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे आणि लहान जिल्हा परिषदांकडे गेले.

पण मालकी गेली तिच्याबरोबर आपलेपणही सैल झाले. पाळीला भोक पडले तर ‘सरकार बघेल’ असे आपण म्हणू लागलो. पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, गाळ साचला, काठाची जमीन नांगराखाली गेली. तळ्यात रोहू-कतल्याचे बीज टाकण्याची चाल पडली. हे मासे वाढतात चांगले, बाजारातही खपतात. पण ते वाहत्या पाण्यात अंडी घालणारे आहेत, बंद तळ्यात त्यांची वंशवेल वाढत नाही. म्हणून दरवर्षी बीज विकत आणावे लागते. भरीला बेशरमचे रान काठावर माजले. जिथे देवधान आणि लव्हाळी होती, तिथे गुरेही तोंड लावीत नाहीत असे हे झुडूप. नाव मात्र कोणी अचूक ठेवले आहे!

मग हे सारे असेच जायचे का? नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात काही गावांतल्या ढिवर मंडळींनी, आणि विशेषतः बायकांनी, स्थानिक अभ्यासकांच्या साथीने निराळी वाट धरली. त्यांनी आधी आपल्या म्हाताऱ्यांना विचारले, पूर्वी तळ्यात काय काय होते? मग उन्हाळ्यात बेशरम मुळासकट काढले, तळाची जमीन नांगरली, आणि माशांना व पक्ष्यांना लागणाऱ्या गावठी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. वनस्पती रुजल्या, तसे गावठी मासे वाढले आणि पक्षी परत येऊ लागले. लक्षात घ्या, त्यांनी मासे आधी आणले नाहीत. त्यांनी माशांचे घर आधी सावरले.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. प्राण्यांची घरे तळ्यात कुठे? बहुतेकांची मधल्या खोल पाण्यात नव्हे, तर काठावर. जो उथळ, चिखलाचा, गवताळ पट्टा आपल्याला बिनकामाचा वाटतो, तिथेच टिबुकलीचे घरटे, मरळीची पिल्ले, बेडकांची अंडी आणि सारसाचे चरणे आहे. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही शासनाची योजना चालू झाली, आणि तळ्यातला गाळ शेतात जाऊ लागला. गाळ काढणे चांगलेच. आपले पूर्वज तेच करीत. पण यंत्र आले की हात सैल सुटतो. सारे तळे काठापासून सरळ खोल खोदले, तर पाणी साठेल, पण तळ्याची हौद होईल. हौदात पाणी असते, घर नसते. उथळ काठ निदान दोन-तीन बाजूंनी निमुळत्या उताराचा ठेवा. एवढे एक जरी आजच्या भाषणातून ध्यानात राहिले, तरी पुष्कळ झाले.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, आणखी थोडे सांगतो. बांधीत सारसाचे घरटे दिसले तर गर्दी जमू देऊ नका, आणि वनखात्याला कळवा. बोडीच्या कडेला विषारी औषधाचे डबे धुऊ नका. आफ्रिकी मांगूर तळ्यात सोडू नका. त्याच्यावर बंदी आहे, आणि तो गावठी माशांना खाऊन टाकतो. बेडूक मारू नका. परदेशी खाण्यासाठी आपल्याकडून बेडकांच्या तंगड्या जात असत. शेतावरची कीड खाणारा हा गडी हातचा जाऊ नये, म्हणून १९८७ साली ती निर्यात बंद करण्यात आली. मरळीची पिल्ले वर दिसत असतील, त्या दिवसांत तिथे जाळे टाकू नका. यात पैशाचा खर्च नाही. नुसता दम धरायचा आहे.

आणि गुरुजी, बाई, तुमच्याकडे एक मागणे आहे. आपल्या गावच्या तळ्याची एक वही शाळेत ठेवा. दर महिन्याला एकदा मुलांना काठावर न्या. एका ठरलेल्या दगडापासून पाणी किती पावले दूर आहे ते मोजा आणि लिहा. कोणते पक्षी दिसले, कोणती झाडे फुलली, कोण मासे धरीत होते, कोण धुणे धूत होते, तेही लिहा. पक्ष्याचे पुस्तकी नाव ठाऊक नसेल तर गावात चालते ते नाव लिहा. ढिवरांच्या पोरांना ती नावे गुरुजींपेक्षा जास्त येतात, आणि त्या दिवशी वर्गात तीच पोरे मास्तर होऊ देत. वर्ष संपले की मुलांना विचारा, हे तळे कोणाचे? कोणी म्हणेल सरकारचे, कोणी म्हणेल गावाचे, कोणी म्हणेल सारसाचे. सगळ्यांना बरोबरचे गुण द्या.

कारण घर म्हणजे नुसती मालकी नव्हे. जिथे आपण परत येतो, जिथे आपल्यासाठी कोणी जागा राखून ठेवते, आणि जिथे काही मोडले तर दुरुस्त करायला आपणच धावतो, ते घर. तळ्याकाठी हे तिन्ही आहे. टिबुकली आपल्या परीने आपले घर राखते, कमळपक्षी राखतो, मरळही राखते. पाळ बांधणे, बेशरम उपटणे आणि काठ मोकळा ठेवणे एवढे मात्र त्यांना जमत नाही. घरातले ते काम आपल्या वाट्याचे आहे. येत्या उन्हाळ्यात पाणी उतरले की आपल्या तळ्याच्या काठाने एक फेरी मारा, आणि त्या कामाला हात घाला.